गिऱ्हाईक दारात असलेली शाळा

नगरहून मनमाड रस्त्याला लागून सीनेचा पूल ओलांडला की नागापूर, आणि नागापूरला लागूनच एमआयडीसी. लार्सन अँड टुब्रो, क्रॉम्प्टन ही मोठी नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. मला मात्र पहिल्यापासून ओढ आहे ती त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडची. आत एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग मशीन, बाहेर खडूने लिहिलेला मोबाईल नंबर. नगरचा कारखानदारीचा वारसा तसा जुना. ह. कृ. फिरोदियांच्या कायनेटिकची लूना १९७२ साली बाजारात आली ती याच शहराच्या जोरावर. पण त्या इतिहासापेक्षा आज संध्याकाळी शाळा सुटल्यावर वडिलांच्या, मामाच्या शेडमध्ये हजर होणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

आमच्या गल्लीतलाच एक मुलगा घ्या. मामाचं मोटारी भरायचं दुकान. जळालेली मोटार आली की पोरगा आधी जुनी गुंडाळी कापतो, एका खाचेतले वेढे मोजतो, तारेचा गेज तपासतो आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहून ठेवतो. मग खाचांत इन्सुलेशन कागद घालायचा, नवी कॉइल बसवायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं. दसरा झाला, रब्बीची पेरणी उरकली, की आसपासच्या गावांतून जळक्या मोटारींची रीघ लागते. साऱ्या विहिरी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात. वर्षाची निम्मी कमाई त्या दोन-अडीच महिन्यांत. नेमकी तेव्हाच शाळेची सहामाही, स्नेहसंमेलनाची तयारी आणि हजेरीचा तगादा. नववीला त्याची हजेरी कमी भरली. वर्गशिक्षकांनी आईला बोलावून सांगितलं, ‘‘ताई, याचं काही खरं नाही.’’ त्याची मोटारीची वही मात्र कुणी मागितली नाही. मी ती पाहिली आहे. तारीख, गिऱ्हाइकाचं गाव, हॉर्सपॉवर, वेढे, तांब्याचं वजन, आलेले पैसे, उधारी, सगळं ओळीने लिहिलेलं. दहावीच्या कितीतरी प्रकल्पवह्यांत इतकं खरं काम नसतं.

अशा मुलाला शाळा सोडायला लावणं नको आणि धंदा सोडायला लावणंही नको. मग करायचं काय? या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर पुणे रस्त्याने शिरूर ओलांडून शिक्रापूरला आत वळल्यावर सापडतं. गाव पाबळ. लोक तिथे मस्तानीची कबर बघायला जातात. जरूर जावं, त्या साध्याशा कबरीपाशी बसावंसं वाटतं. पण पाबळला तेवढं पाहून परत फिरणाऱ्याने अर्धंच पाबळ पाहिलं असं मी म्हणेन, कारण त्याच गावात विज्ञान आश्रम आहे.

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेतला अनुभव, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरचं पद. ते सोडून हा माणूस पत्नी मीराताईंसह या दुष्काळी गावात येऊन राहिला. जे. पी. नाईकांनी स्थापन केलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं एक केंद्र म्हणून आश्रम उभा राहिला. कलबागांचा मुद्दा सरळ होता. माणूस जन्मापासून हाताने काही करत करत शिकतो. शाळेत आल्यावर आपण त्याचे हात बांधतो आणि मग तो शिकत नाही म्हणून तक्रार करतो. गावात पंप आहेत, गुरं आहेत, घरं बांधली जातात, पाणी शोधलं जातं. एवढी मोठी प्रयोगशाळा बाहेर असताना चार भिंतींत खोटी कशाला उभारायची?

त्यातून दोन वाटा निघाल्या. पहिली, एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम: मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञान. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांनाही त्याचं दार उघडं आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्याला मान्यता आहे. दुसरी वाट गावोगावच्या हायस्कुलांसाठी. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस पुस्तकं मिटून हाताने काम करायचं. शिकवायला गावातलेच गवंडी, वायरमन, शेतकरी. दोन्हीकडे विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. प्रत्येकाने चारही विभागांतून फिरायचं. ‘एकात तरबेज व्हा ना, चार कशाला?’ असं पालक विचारतात. उत्तर गावच्या बाजारात आहे. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात नुसत्या वायरमनला रोज काम मिळत नाही. वायरिंग करणारा, वेल्डिंगही मारणारा आणि पंपही उघडणारा माणूस मात्र बारा महिने रिकामा बसत नाही.

आता माझ्या खास आवडीच्या गोष्टीकडे येतो: खर्चाचा हिशेब. इथलं प्रात्यक्षिक म्हणजे करून मोडायचा नमुना नव्हे. वस्तू खरी, ती वापरणारा माणूस खरा आणि तो पैसे देणार. हायस्कुलातली मुलंसुद्धा माती तपासून देतात, हिमोग्लोबिन तपासतात, शोषखड्डा करून देतात, वायरिंग करतात, आणि त्याचा मोबदला घेतात. मोबदला बेताचा असतो, पण फुकट काही नाही. ही एक अट घातली की शिक्षणाची सारी तऱ्हाच बदलते असं माझं ठाम मत आहे.

तिथल्या कार्यशाळेत मी एकदा खिडकीची जाळी होताना पाहिली. एक मुलगी आणि दोन मुलगे. मुलीच्या हातात गुण्या, एकाकडे टेप, तिसरा वहीत लिहितोय. माप घेऊन चौरस पट्टी कापली, कोपऱ्यात टाके मारले, गुण्या लावला तर एक कोपरा किंचित उघडा. टाका तोडून पुन्हा मारला. पुढचं जास्त बघण्यासारखं होतं. जाळी पुरी झाल्यावर शिक्षकांनी विचारलं, ‘‘रॉड किती जळाले?’’ मुलांनी जळक्या रॉडची थोटकं एका डब्यात जमवली होती. ती मोजली. मग लोखंडाचं वजन गुणिले भाव, रॉड, प्रायमर, विजेची युनिटं, तिघांचे तास, मशीनची झीज, त्यावर नफा. खाली आकडा आला. ज्यांची जाळी होती ते काका सायकलला टेकून उभे. म्हणाले, ‘‘बाजारात यापेक्षा स्वस्त मिळती की गं.’’ मुलगी म्हणाली, ‘‘काका, ती पट्टी हलक्या गेजची असती. दोन्ही उचलून बघा, मग सांगा.’’ काकांनी खरंच जाळी उचलून पाहिली. थोडी घासाघीस झाली, सौदा ठरला. वजन, घनता, शेकडेवारी, घसारा आणि गिऱ्हाइकाशी बोलायची रीत, एवढे पाठ एका जाळीत झाले. आणि पेपर तपासणारा होता तो जाळीचा मालक.

वेळापत्रक लवचीक का असावं लागतं, तेही इथे कळतं. पुष्कळ शाळा लवचीक म्हणवतात म्हणजे अर्धा तास उशिरा आलेलं चालवून घेतात. गिऱ्हाइकाला शब्द दिलेला असेल तर लवचीकपणाचा अर्थ उलटा होतो. घंटा झाली म्हणून काम सोडून उठता येत नाही, आणि सिमेंटचा थर ओला असताना पुढचा तासही सुरू करता येत नाही. कामाची निकड वेळ ठरवते. माझ्या मते ही घंटेहून कडक शिस्त आहे.

याच ओघात पाण्याबद्दल सांगायलाच हवं. पारनेर, नगर, शिरूर हा सारा भाग बोअरच्या कर्जात बुडालेला. पाणाड्या हातात नारळ घेऊन शेतात फिरतो, बोट दाखवतो आणि शेतकरी तिथे लाख-सव्वा लाख ओततो. विज्ञान आश्रमाने भूगर्भाचा विद्युतरोध मोजायची पद्धत गावच्या पोरांच्या हाती दिली. एका ओळीत सारख्या अंतरावर चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोघींमध्ये व्होल्टेज मोजायचं. दोन्ही आकड्यांवरून खालच्या थराचा रोध निघतो. खुंट्यांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज अधिकाधिक खोल जाते, म्हणजे वर उभं राहून पायाखालचे थर एकेक करून वाचता येतात. आपला काळा पाषाण अखंड असेल तर रोध खूप. झिजलेला, भेगाळलेला, पाणी धरून बसलेला खडक असेल तर रोध उतरतो. आलेख काढायचा आणि उतार कुठे आला ते बघायचं. यात एक खोच आहे. चिकणमातीचा थरही कमी रोध दाखवतो आणि तिच्यातून पाणी सुटत नाही. म्हणून यंत्राचा आकडा आणि शेजारच्या विहिरींची माहिती दोन्ही जुळवून मगच बोलायचं. ज्या मुलाला विज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम डोकेदुखी वाटला, तोच मुलगा या कामात त्या नियमाच्या बळावर लाख रुपयांचा सल्ला देतो आणि सल्ल्याची फी घेतो. ग्रामीण मुलासाठी याहून चांगला पहिला धंदा मला सुचत नाही.

आश्रमाच्या आवारात त्रिकोणांनी बनलेले घुमट दिसतात, तेही मुलांना हाताने बांधता येतील असेच. घुमटाच्या एका सोप्या प्रकारात ६५ दांडे लागतात, त्यांच्या लांब्या फक्त दोन: एका मापाचे ३०, दुसऱ्याचे ३५. हिशेब चुकवून कापलात तर शेवटचा बोल्ट भोकात बसतच नाही. जीपचे सुटे भाग आणि डिझेल इंजिन जोडून केलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टरही इथलाच. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी आपली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, अमेरिकेबाहेर पहिल्यांदा सुरू केली तीही याच पाबळमध्ये. जगातल्या नामांकित विद्यापीठाला या गावात यावंसं वाटलं याचं कारण माझ्या मते एकच. इथल्या मुलांकडे सोडवायला खरे प्रश्न होते. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, कलबाग गेले. काम थांबलं नाही.

काम आणि शिक्षण जोडण्याच्या या विचाराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगून टाकतो. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली आणि शिक्षणाच्या मध्यभागी हस्तोद्योग ठेवला. त्याआधीच १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली होती. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेल्या या माणसाने ‘कमवा आणि शिका’ म्हटलं ते उगाच नव्हे, विक्रीची भाषा त्यांना पाठ होती. आपल्या जिल्ह्यात राळेगणसिद्धीने नापास मुलांना आवर्जून शाळेत घेण्याची रीत पाडली. अलीकडे दिल्लीच्या सरकारी शाळांनी २०२१ पासून अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्याच्या भांडवलासाठी दरडोई २००० रुपये दिले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सुचवले. दहा दिवस फार थोडे आहेत. आठवड्यातून एक दिवस, सलग तीन वर्षं, हे पाबळचं प्रमाण मला योग्य वाटतं.

गल्लीतला तो मुलगा दहावीत न जाता पाबळला गेला. आई रडली होती. ‘‘पोराला शाळेतनं काढलं म्हणतील लोक,’’ असं ती म्हणायची. तिला समजावताना माझ्या हाती सगळ्यात कामाचा पुरावा होता मुक्त विद्यालयाच्या नियमांचा. १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिथून दहावी करता येते. विषय पाच, तेही आपल्या निवडीचे. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय सुटा सोडवला तरी चालतो, आणि सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. मोटारींचा हंगाम सांभाळून दोन विषय यंदा, तीन पुढच्या वर्षी, असं गणित घरात बसवता येतं. पालकांच्या बैठकीत हे सांगितलं की अजूनही निम्म्या लोकांना नवल वाटतं. ही माहिती प्रत्येक हायस्कुलाच्या फलकावर असायला हवी, आणि ती तिथे नाही याचा मला राग येतो.

वर्षभराने तो परतला तेव्हा वेढे मोजणं तेच होतं, पण आता तो मोटार जळण्याचं कारणही तपासू लागला. केबल बारीक आहे का, स्टार्टरची ओव्हरलोड रिले बरोबर लावली आहे का, विहिरीवर जाऊन बघायचा. मामा आधी कुरकुरला, ‘‘जळायच्या थांबल्या तर आपण खायचं काय?’’ भाच्याने तपासणीची वेगळी फी लावली. मामाने पहिल्यांदाच छापील पावतीपुस्तक करून घेतलं.

सगळ्याच मुलांना वर्षभर घर सोडून पाबळला राहता येणार नाही हे उघड आहे. मुलींच्या बाबतीत तर घरचे आधी वसतिगृहाचं विचारतात, आणि ते रास्तही आहे. म्हणून हायस्कुलातला एक दिवस हीच वाट आपल्याकडे आधी यायला हवी. नागापुरात त्यासाठी नवी इमारत नको, की परगावचा तज्ज्ञ नको. चालत्या अंतरावर फिटर आहेत, टर्नर आहेत, कंपनीतून निवृत्त झालेले सुपरवायझर आहेत. त्यांतल्या कितीजणांना शुक्रवार मोकळा आहे एवढंच विचारायचं. मुलांना मशीनवर उभं करण्याआधी गॉगल, हातमोजे, अर्थिंग आणि विमा यांची सोय मात्र पक्की हवी, तिथे कसर चालणार नाही. मुलांना उत्पादनाच्या लाइनवर फुकटचे हेल्पर म्हणून जुंपू पाहणाऱ्या शेडवाल्याला पहिल्याच दिवशी नकार द्यायचा.

आणि पहिली ऑर्डर शाळेनेच द्यावी. कुठल्याही हायस्कुलाच्या मागच्या व्हरांड्यात मोडक्या बाकांचा ढीग असतो. मुख्याध्यापकांनी आठवीच्या वर्गाकडून रीतसर लेखी कोटेशन मागवावं, घासाघीस करावी, बयाणा द्यावा, आणि बाक डुलत असेल तर तो परत पाठवावा. काम पसंत पडल्यावर उरलेले पैसे त्याच आठवड्यात वर्गाच्या नावाने चुकते करावेत.