घर न पाहता घेताना

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी म्हण आपल्याकडे जुनी आहे. आता स्वतः घर बांधणारे थोडे उरले. बहुतेकजण तयार घर विकत घेतात, आणि त्यातही न पाहता घेणारे बरेच असतात. कोणाची नोकरी नागपूरला आणि घर हवे पुण्याला, कोणी आखातात, तर कोणाच्या बाबतीत इमारतच उभी राहिलेली नसते. मग नकाशा, रंगीत पुस्तिका आणि हल्ली मोबाईलवर आलेली फिल्म एवढ्यावर सौदा ठरतो. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. निवृत्तीचा फंड आणि ग्रॅच्युइटी अशा सौद्यात एकरकमी जाताना आम्ही नेहमी पाहतो. म्हणून या विषयावर चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

पहिली गोष्ट कायद्याची. आपण घर पाहिले नाही, तरी काही बाबतीत कायदा आपण ते पाहिले असेच समजतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घरातील मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. परंतु खरेदीदाराला साधारण काळजी घेतली असता जो दोष कळला नसता, तेवढ्यापुरतेच हे बंधन आहे. भिंतीवरची ओल, छताचा तडा, खिडकीखालचा नाला या गोष्टी जाऊन पाहिल्या असत्या तर दिसल्याच असत्या. कलम ३ तर याहून पुढे जाते. घरात प्रत्यक्ष जो राहतो, त्याचा त्या घरावर काही हक्क असेल तर तो खरेदीदाराला ठाऊक होता असे धरले जाते. म्हणजे घरात जुना भाडेकरू असेल आणि आपण शंभर कोसांवरून पैसे पाठवले असतील, तर 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालत नाही.

तेव्हा स्वतः जाणे शक्य नसेल तर आपला माणूस पाठवावा. भाऊ, मेहुणा, ऑफिसातला सहकारी कोणीही चालेल. मात्र दलाल नको, कारण त्याचे पोट सौदा होण्यावर आहे. दार कोण उघडतो, पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, नुकताच दिलेला रंग कुठे फुगला आहे का, हे त्याने पाहावे. शेजाऱ्यांशी बोलावे. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून त्या घराची थकबाकी विचारावी. फिल्ममध्ये कुबट वास येत नाही आणि शेजारच्या इमारतीची भिंत किती जवळ आहे तेही दिसत नाही.

इमारत अजून व्हायचीच असेल तर पाहण्यासारखे काही नसते. तेथे कागद पाहणे हेच घर पाहणे. यासाठी २०१६ चा रेरा कायदा आहे आणि आपल्या राज्यात त्याचे प्राधिकरण, म्हणजे महारेरा, २०१७ पासून काम करते. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरे आठपर्यंत असतील तर प्रकल्पाला सूट आहे. एरवी नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही छापावा लागतो. त्यावरून मंजूर नकाशा, काम पुरे करण्याची तारीख आणि चालू दावे घरबसल्या वाचता येतात. किंमत कार्पेट एरियावर आहे ना, हे विचारावे. करारनामा नोंदवण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याची बिल्डरला मुभा नाही. आणि रंगीत पुस्तिका फेकून देऊ नये. तिच्यातील खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झाले तर भरपाई मागता येते, किंवा व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. त्या वेळी पुरावा म्हणून तीच पुस्तिका उपयोगी पडते.

तथापि केवळ क्रमांक पाहून निर्धास्त होऊ नये. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या परवानगीचे बनावट कागद जोडून ६५ इमारतींनी रेराची नोंदणी मिळवल्याचे उघडकीस आले, आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत कर्ज काढून घर घेतलेली साधी नोकरदार कुटुंबे राहत होती. म्हणून प्रारंभ प्रमाणपत्राची नक्कल घेऊन ती महापालिकेच्या नगररचना विभागात खरी की खोटी हे विचारून घ्यावे. एक फेरी पडते, पण ती चुकवू नये.

जुने घर घेताना आणखी तीन कागद महत्त्वाचे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, इंडेक्स टू आणि भोगवटा प्रमाणपत्र. दुय्यम निबंधकांकडील नोंदींचा साधारण ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. विक्रेत्याकडे मूळ करारनामा पाहायला मागावा, झेरॉक्सवर भागवू नये. मूळ कागद दुसऱ्या एखाद्या बँकेत तारण असू शकतात. 'बँकेने कर्ज दिले म्हणजे घर चांगलेच' असे अनेकजण समजतात. बँक आपले पैसे वसूल होतील की नाही एवढेच पाहते. नळाला पाणी येते का, हे पाहणे तिचे काम नव्हे.

शेवटची गोष्ट सहीची. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर विकत मिळते हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले की, अशा कागदाने मालकी येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. आपल्या वतीने सही करण्यासाठी एखाद्याला मुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते त्या एका घरापुरते आणि त्या एका कामापुरते द्यावे. परदेशात असणाऱ्यांनी ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे आणि येथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. पैसे नेहमी विक्रेत्याच्या नावाने, बँकेमार्फत आणि पावती घेऊनच द्यावेत.

कर्जाचे हप्ते पंधरा-वीस वर्षे चालतात. त्या मानाने एक दिवसाची रजा आणि एस.टी.चे तिकीट ही फार मोठी किंमत नाही. 'आजच टोकन द्या, नाहीतर घर जाईल' असे कोणी म्हणाले तर ते घर खुशाल जाऊ द्यावे. घर दुसरे मिळेल, आयुष्यभराची पुंजी पुन्हा मिळणार नाही.