बोटे हलतात, तरीही

पवनी तालुक्यातील कोंढ्याच्या शिवारात रोवणीची धांदल उडालेली असता, निसरड्या धुऱ्यावरून पाय घसरून तळहातावर आपटलेल्या माणसास भोवतालची मंडळी जी पहिली आज्ञा फर्मावतात, ती बोटे हलवून दाखविण्याची. आणि बोटे हलली, की हाड शाबूत असल्याचा दाखला जागच्या जागी मिळून मनगट तेलाने चोळावयास घेतले जाते. हा दाखला सर्वस्वी अग्राह्य होय. बोटांना ओढणारे मुख्य स्नायू कोपर व मनगट यांच्या दरम्यान असून, त्यांच्या कंडरा दोरीप्रमाणे मनगटावरून पुढे जातात, आणि खालचे हाड दुभंगले तरी त्या बहुधा अखंड राहतात. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वी ८१ वर्षे, केवळ दृष्टी आणि स्पर्श यांच्या बळावर केले. अशा वेळी बाजूने पाहता मनगट जेवणाच्या काट्यासारखे बाकदार दिसते.

बाक नसला म्हणून निश्चिंत होऊ नये. अंगठा ताणला असता त्याच्या मुळाशी जी खळी पडते, तिला शरीरशास्त्रज्ञांनी ‘तपकिरीची डबी’ असे रसिक नाव दिले आहे. ती दाबल्यावर कळ आली, तर पहिले क्ष-किरण चित्र निर्दोष असूनही नौकाकृती हाड तडकलेले असू शकते, आणि हात बांधून ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे लागते.

सूज ही तर फारच बेभरवशाची साक्षीदार, कारण मुरगळलेला घोटाही मोडलेल्याइतकाच सुजतो. घोट्याच्या उंचवट्यांची मागली कड दाबल्यावर नेमके हाड दुखणे, किंवा चार पावलेही टाकता न येणे, ही खूण अधिक विश्वसनीय. स्नायू ताणला असेल, तर मांस दाबल्यावर व त्याला कामास लावल्यावर दुखते. खांदा निखळला असेल, तर त्याची गोलाई नाहीशी होते, आणि तो तेथेच ओढून बसविण्याचा हुरूप आवरावा.

सुश्रुतसंहितेने अस्थिभंगाचे बारा व संधी निखळण्याचे सहा प्रकार मानले, आणि घट्ट पट्टीने सूज व वेदना वाढतात हेही बजावले. बांबूच्या कामट्या करकचून बांधलेल्या हाताची कळ वाढतच गेली, आणि दुसऱ्याने हलकेच बोटे सरळ करताच रोगी कळवळला, तर पट्टी त्याच घटकेस सैल करून इस्पितळ गाठावे. रक्ताविना स्नायू काही तासांतच मरू लागतो.