करून राहिला

दिवाळीस आमच्या घरीं पुण्याहून पाहुणे आले होते. धाकटा नातू ओसरीवरून ओरडला, "आजोबा, आजी काय करून राहिली?" पाहुणी मुलें खदखदां हसलीं. त्यानंतर चार दिवस तो पोर त्यांच्यासमोर तोंड उघडीना.

हंसणाऱ्यांस काय म्हणून दोष द्यावा? पस्तीस वर्षें मींहि शाळेंत हेंच केलें. वह्यांतील 'करून राहिला' तांबड्या शाईनें खोडून 'करीत आहे' असें लिहीत आलों. म्हणून या क्रियापदाकडे एकदां न्यायबुद्धीनें पाहणें मला प्राप्त आहे.

संस्कृतांत रह् धातूचा अर्थ त्याग. 'विरह', 'रहित' हे त्याच कुळांतले. मराठींत मात्र 'राहणें' म्हणजे वसणें, टिकणें. पण 'हिशेब राहिला' म्हणजे तो झालाच नाहीं! 'राहूं द्या' म्हणजे नको, 'राहवेना' म्हणजे धीर सुटला, आणि 'दिवस राहिले' याचा अर्थ गृहिणींस सांगावयास नको. 'जेवून राहिला' म्हणजे पुण्याकडे, जेवण आटोपून मुक्काम केला. आमच्याकडे, तो अजून पाटावरच आहे. याच वाक्यावरून आमच्या पुणेरी विहीणबाईंनीं एकदां भाताचें पातेलें झांकून ठेविलें होतें.

हिंदी 'कर रहा है' यांतील 'कर' म्हणजे मुळांत 'करून'च. नागपुरानें त्याचा तंतोतंत मराठी अवतार केला. १८६१ पासून १९५६ पर्यंत हें शहर हिंदी-मराठी अशा जोडप्रांताची राजधानी होतें. कचेरींत, बाजारांत दोन्ही भाषा शेजारधर्मानें नांदल्या. उसनी विरजण म्हणून आणलेल्या कवडीनें दहीं आपल्याच दुधाचें लागतें.

दूरच्या फिनलंडांत राहण्यास 'यॅडॅ' म्हणतात. त्या भाषेंत विभक्ति पंधरा. 'घरीं राहतों' म्हणतांना तेथें असण्याची विभक्ति न योजतां, घरांत शिरतांना जी लागते तीच योजतात. तर्कास हें विचित्र वाटेल. पण तेथील व्याकरणानें त्यास चूक न म्हणतां नियम म्हटलें.

उत्तरपत्रिकेंत 'करीत आहे' हेंच लिहावें, हा माझा हट्ट कायम आहे. ओसरीवर मात्र तांबडी शाई नको. पाहुणे गेल्यावर मीं नातवास हांक मारली, "काय करून राहिलास रे?"

त्यानें आधीं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलें. मग म्हणाला, "पतंग चिकटवून राहिलों, आजोबा."