सैल दोरी

भुरी घरी आली तेव्हा दीडेक वर्षांची असेल. गावठी, सडपातळ, एका बांधकामाच्या जागेवर भर पावसात सापडलेली. घरात इतकी गुणी की पाहुण्यांना ती आहे हे कळायचंही नाही. पण फाटकाबाहेर समोरून दुसरं कुत्रं दिसलं, की मागच्या दोन पायांवर उभी राहून असा आकांत मांडायची की अख्खी गल्ली खिडकीत यायची. दुकानदार म्हणाला, "चोक चेन घ्या. दोन हिसके बसले की सुतासारखी सरळ होईल." मी घेतली. तिसऱ्या दिवशी शेजारचा लॅब्रॅडॉर समोर आला, मी हिसका दिला. भुरी खोकली आणि वळून तिने माझ्याच पोटरीकडे दात विचकले. पुढच्या आठवड्यात खुंटीवरची साखळी नुसती वाजली तरी ती पलंगाखाली शिरू लागली.

चूक माझी होती. लॅब्रॅडॉर दिसला की गळा आवळला जातो, एवढंच तिने त्यातून शिकलं. घंटा आणि अन्न यांची सांगड कुत्र्याच्या डोक्यात कशी बसते हे पावलॉव्हने दाखवलं. वेदनेचीही तशीच बसते, आणि फार लवकर बसते.

हिसक्याची ही पद्धत जुनी आहे. जर्मन पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या कॉन्राड मोस्टचं पुस्तक १९१० चं. पुढे १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेलने बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून कळपातल्या वर्चस्वाबद्दल लिहिलं आणि 'मालकाने म्होरक्या व्हायलाच हवं' या समजुतीला बळ मिळालं. मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहणाऱ्या डेव्हिड मीचने १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. स्वतःच्याच आधीच्या पुस्तकातली 'अल्फा'ची, म्हणजे म्होरक्याची, कल्पना त्याने मागे घेतली. आपल्याकडे मात्र ती अजून तशीच चालू आहे.

भुरी का भुंकते, हे मला कळलं ते वस्तीतल्या मोकळ्या कुत्र्यांकडे पाहून. दोन अनोळखी कुत्री एकमेकांकडे सहसा सरळ रेषेत जात नाहीत. वळसा घेतात, मान फिरवतात, उगाच जमीन हुंगतात, मग बाजूने जवळ येतात. नको असेल तर निघून जातात. पट्ट्यातल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. रस्ता अरुंद, दोरी ताणलेली. ताणामुळे छाती वर येते, नजर समोर खिळते. समोरच्याला हे आव्हानच वाटतं. पळायची वाट बंद झालेलं जनावर आरडाओरडा करून अंतर मिळवू पाहतं, आणि ते मिळतंही, कारण समोरचा निघून जातो. भुंकणं पक्कं होत जातं ते असं.

म्हणून औषध आहे अंतराचं. आम्ही सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर जायचो. लॅब्रॅडॉर पलीकडच्या कडेला, आम्ही अलीकडे, मध्ये साठेक पावलं. भुरीने त्याच्याकडे पाहिलं, कान टवकारले. भुंकायच्या आतच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. पुन्हा पाहिलं, पुन्हा तुकडा. तो दिसेनासा झाला की चिकनही बंद. हा क्रम महत्त्वाचा: आधी कुत्रा दिसणार, मग खाऊ. अकराव्या दिवशी त्याला पाहून ती आपणहून माझ्या हाताकडे वळली. त्या दिवशी मी मैदानातच खाली बसलो. मग दर आठवड्याला पाचसात पावलं जवळ. ती भुंकली, तर आम्ही फार जवळ गेलो इतकाच त्याचा अर्थ. रागवायचं नाही, मागे सरायचं.

गुरगुरण्याला तर कधीच शिक्षा करू नये. तो इशारा असतो, आणि इशारा दाबला की कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो. शांत कुत्रं अचानक चिडचिडं झालं तर आधी डॉक्टरांना दाखवावं. कान, दात, कंबर यांचं दुखणं स्वभावावर उतरतं.

आता पट्ट्याचं. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो. त्याची टोकं बाहेर असतात, बिबट्याने नरडं धरू नये म्हणून. शहरातल्या दुकानात टांगलेल्या काटेरी पट्ट्याची टोकं आत असतात. विजेचा झटका देणारे पट्टे वेल्समध्ये २०१० पासून बंद आहेत.

रोजच्या वापराला साधा कापडी पट्टा पुरे. खाली दोन बोटं सहज जावीत. त्यावर फोन नंबरचा बिल्ला हवाच. कारवानसारख्या शिकारी कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद, साधा पट्टा त्यातून निसटतो. त्यांना मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल बरा. ओढणाऱ्या कुत्र्याला हार्नेस घ्यावा, कारण गळपट्ट्याच्या ताणाने श्वासनलिकेवर भार येतो, डोळ्यांतला दाबही वाढतो. पगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर हार्नेसच. पण कडी छातीवर हवी. पाठीवर कडी असली की कुत्रा अंगाचा सगळा जोर लावू शकतो. बर्फावरच्या घसरगाड्या तशाच ओढल्या जातात. छातीवरच्या कडीने ओढणारा आपोआप बाजूला वळतो.

दोरी सहा फुटांची, कापडी. आपोआप गुंडाळली जाणारी नको. ती कायम ताणलेली असते, म्हणजे ओढलं की पुढे जाता येतं हेच ती शिकवते. मैदानासाठी वीसतीस फुटांची लांब दोरी, पण ती हार्नेसलाच बांधावी. घरी साखळीवर ठेवणाऱ्यांनी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वाचावा. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर फार वेळ बांधून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही.

मुसक्याची लाज वाटते अनेकांना. बैलाला कोळपणीच्या वेळी मुसकं घालतो तेव्हा कुणी त्याला मारका म्हणत नाही. जाळीचंच घ्यावं, ज्यात तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापून बाहेर टाकतो, त्यामुळे तोंड बांधून टाकणारं कापडी मुसकं घालून त्याला फिरवणं धोक्याचं. जाळीच्या मुसक्यात घट्ट दही लावून ते समोर धरायचं, तोंड त्याने आपणहून घालायचं. पट्टी बांधायची घाई दोनतीन आठवडे तरी करू नये.

दिवाळीत फटाक्याने बिथरलेली कुत्री उलटं मागे सरकून गळ्यातून पट्टा काढतात आणि वाट फुटेल तिकडे धावतात. त्या चारपाच दिवसांत भुरीला हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही असतात, दोन्हींना वेगवेगळी दोरी. संध्याकाळचं फिरणं चारलाच उरकतो. मग आतली खोली, बंद खिडक्या, जोरात लावलेला पंखा. ती पलंगाखाली जाते, आणि मी तिला तिथून ओढून काढत नाही. बाजूला सतरंजी टाकून बसतो.