नागपुरात भीमगीतांच्या कॅसेट हातोहात खपल्या, मग मोठ्या रेकॉर्ड कंपन्या उशिरा का जाग्या झाल्या?

दसरा जवळ आला की नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन प्रकारचे स्टॉल हमखास दिसतात. एक पुस्तकांचे आणि दुसरे गाण्यांचे. गाण्यांच्या स्टॉलवर आधी कॅसेट असायच्या, मग सीडी आल्या, पुढे पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड. वस्तू बदलत गेली, गर्दी मात्र तशीच राहिली.

इतकं मोठं गिऱ्हाईक दरवर्षी एका जागी जमत असताना देशातल्या बड्या रेकॉर्ड कंपनीने हा बाजार आधीच का काबीज केला नाही? याचं उत्तर शोधताना नागपूरपासून थेट अमेरिकेतल्या रॉक अँड रोलपर्यंत जावं लागतं. कारण तिथेही जवळपास हेच घडलं होतं.

रेकॉर्डच्या आधीपासून गाजलेली गाणी

भीमगीतांची सुरुवात स्टुडिओत झाली नाही. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारखे शाहीर गावोगावी आंबेडकरी जलसे करत होते. पुढे वामनदादा कर्डक आले. जन्म 1922 चा, गाव सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसाने मोठेपणी अक्षरं गिरवली, 1943 मध्ये गाणी लिहायला घेतली आणि आयुष्यभरात हजारो गाणी रचली.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर या गाण्यांना नवा विषय मिळाला आणि नवा श्रोताही. विदर्भातले नागोराव पाटणकर, मुंबईकडचे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा गायकांचे कार्यक्रम रात्र रात्र चालायचे. गाणी पसरली ती मंचावरून, वहीत उतरवून घेऊन आणि तोंडपाठ करून. उमपांचं तर 2010 मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच निधन झालं.

कंपनीचं गणित काय होतं?

भारतात पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण 1902 मध्ये कलकत्त्यात झालं. तेव्हापासून पुढची अनेक दशकं बाजारावर एकाच कंपनीचा पगडा होता, ती म्हणजे ग्रामोफोन कंपनी. लोक तिला एचएमव्ही म्हणून ओळखायचे. आजची सारेगामा ती हीच.

या कंपनीने लोकसंगीताला हातच लावला नाही, असं नव्हे. लावण्या आणि पोवाड्यांच्या रेकॉर्ड निघत होत्या. पण धंद्याचं गणित सरळ होतं. रेकॉर्ड कोण घेणार? ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे तो. आणि ग्रामोफोन कोणाकडे? ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याकडे. गिरणी कामगार, शेतमजूर, विणकर, झोपडपट्टीत राहणारी माणसं या हिशेबात गिऱ्हाईक म्हणून धरलीच जात नव्हती.

त्यात 78 आरपीएमच्या रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. कव्वालीचा सामना तेवढ्यात सुरूसुद्धा होत नाही.

थोडक्यात, कंपनीला गाणं ऐकू येत नव्हतं असं नाही. तिला त्या गाण्याचा ग्राहक दिसत नव्हता.

अमेरिकेत काय झालं?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतही आरसीए व्हिक्टर, कोलंबिया, डेक्का अशा मोजक्या कंपन्यांचं राज्य होतं. कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी 'रेस रेकॉर्ड्स' असा वेगळा कप्पा होता. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने 1949 मध्ये त्या यादीचं नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं, पण कप्पा वेगळाच राहिला.

हे संगीत छापलं ते छोट्या कंपन्यांनी. शिकागोत चेस, मेम्फिसमध्ये सन, न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक. सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सने 1954 मध्ये एल्विस प्रेस्ली नावाच्या पोराची पहिली रेकॉर्ड काढली. ती तिकडच्या भागात गाजली आणि मग मोठ्यांना जाग आली. 1955 च्या अखेरीस आरसीएने एल्विसचा करार 35 हजार डॉलरला विकत घेतला. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती.

पुढच्याच वर्षी, म्हणजे नागपुरात धम्मदीक्षा झाली त्याच 1956 मध्ये, एल्विसचं 'हाउंड डॉग' जगभर गाजलं. ते मुळात बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने गायलेलं. तिची रेकॉर्ड 1953 मध्येच एका छोट्या कंपनीने काढली होती.

कॅसेटने डाव पालटला

भारतात ही उलथापालथ घडवली कॅसेटने. आखाती देशांत कामाला गेलेली माणसं येताना टू-इन-वन घेऊन येऊ लागली. मग देशातही स्वस्त प्लेअर मिळू लागले. रेकॉर्ड छापायला कारखाना लागायचा, कॅसेट भरायला एक खोली पुरत होती. थोड्याच प्रती काढल्या तरी खर्च सुटायचा. शिवाय एका कॅसेटमध्ये तासभर गाणी बसायची.

1983 मध्ये गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सिरीज, उभी राहिली. गल्लोगल्ली छोट्या कंपन्या निघाल्या. जुन्या कंपनीची मक्तेदारी काही वर्षांत मोडली. अमेरिकन संशोधक पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल तपशिलाने मांडलाय.

महाराष्ट्रात याचा फायदा भीमगीतांना झाला. जयंतीला, दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर कॅसेट खपू लागल्या. 'पाऊले चालती पंढरीची वाट' गाणारे प्रल्हाद शिंदे भीमगीतांतूनही घराघरात पोचले. पुढे त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद शिंदेही. जो ग्राहक कंपनीच्या हिशेबात नव्हता, त्याने स्वतःच्या खिशातून पैसे मोजून आपण आहोत हे दाखवून दिलं.

पण पैसा गेला कुठे?

इथे गोष्ट जरा कडवट होते. छोटी कंपनी म्हणजे कलावंताची कैवारी, असं समजायचं कारण नाही. चक बेरीचं 'मेबेलीन' 1955 मध्ये चेसने काढलं, तेव्हा गीतकार म्हणून रेडिओवरच्या ॲलन फ्रीडचंही नाव लागलं. फ्रीड ते गाणं वाजवणारा, लिहिणारा नव्हे. ते श्रेय पूर्णपणे आपल्या नावावर करून घ्यायला बेरीला 1986 उजाडलं.

आपल्याकडेही एकरकमी मानधन घेऊन सगळे हक्क लिहून देण्याची रीत अनेक वर्षं चालली. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला कायमचा देऊन टाकू शकत नाहीत, चित्रपटाबाहेरच्या गाण्यांतही नाही. तसा करार केला तरी तो टिकत नाही. गाण्याचे शब्द लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं संरक्षित असतात. वामनदादांचं निधन 2004 चं, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2064 च्या अखेरपर्यंत जिवंत आहे.

अडचण अशी की हक्क मागायला गाणं कोणाचं ते सिद्ध करावं लागतं. जे गाणं मंचावर जन्मलं आणि वहीतून वहीत गेलं, त्याचा कागद आणायचा कुठून? आज यूट्यूबवर असंख्य भीमगीतं आहेत आणि कित्येकांखाली गायकाचं आणि चॅनलचं नाव असतं, कवीचं नसतं.

यावर जुन्या शाहिरांकडे एक साधा उपाय होता. संतांच्या अभंगासारखं ते शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. वामनदादांच्या गाण्यांत 'वामन' येतो तो असा. कॅसेटच्या कव्हरवरून नाव गाळता येतं, कडव्यातून काढायचं तर गाणंच मोडतं. त्यामुळे पुढच्या वेळी भीमगीत वाजलं की शेवटचं कडवं लक्ष देऊन ऐका. ते गाणं कोणाचं, हे बऱ्याचदा तिथेच सापडतं.