घड्याळ लावून जेवायचं, पण कोणाच्या घड्याळाने?

आमच्या जुन्या जालन्यात पहाटे मोतीबागेकडे चालायला निघालेल्या बायकांची चर्चा हल्ली एकच असते. ‘तुमचं काय, दोन वेळा की सोळा तास?’

‘दोन वेळा’ मराठवाड्यात घरोघरी पोचलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानावरून त्यांनी घेतलेली ही पद्धत. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ‘सोळा तास’वाल्या उरलेल्या आठ तासांतच काय ते खातात. आणि आमच्या शेजारच्या जैन काकू? त्या वर्षानुवर्षं चौविहार पाळतात. दिवस मावळला की तोंड बंद!

याला व्यायामाची जोड दिली तर? नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये जादा वजनाच्या १३१ बायकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सात आठवडे. काहींनी दिवसाचं खाणं दहा तासांत बसवलं, काहींनी आठवड्यातून तीनदा दमछाक करणारा व्यायाम केला, काहींनी दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची चरबी घटली, दमही वाढला आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडाही सुधारला. व्यायाम कसला? थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ सावकाश, पुन्हा जोरात. आपल्याला त्यासाठी जिम नको. एक मिनिट बोलता येणार नाही इतकं भरभर चाला, दोन मिनिटं रमतगमत. असं पाच-सहा वेळा.

पण मैत्रिणींनो, घड्याळात जादू नाही हं. त्याच वर्षी चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला. सगळ्यांना कमीच खायला दिलं, निम्म्यांना वेळेचंही बंधन घातलं. वजन दोघांचं जवळपास सारखंच उतरलं. म्हणजे आठ तासांत साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि पेढे चेपले तर आषाढीच्या उपासासारखंच, एकादशी अन् दुप्पट खाशी!

खरी अडचण वेगळीच आहे. धनी दुकान बंद करून रात्री दहाला येणार, त्यांचं ताट वाढल्याशिवाय आपण जेवायचं कसं? उरलेली पोळी, भात वाया जाऊ नये म्हणून पोटात जातो तोही तेव्हाच. माझ्या जावेने यावर उपाय काढला. ती सातला मुलांबरोबर जेवते, भाऊजींचं ताट झाकून ठेवते. सासूबाई आठ दिवस गप्प होत्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, ‘माझंही पान सातलाच मांड गं.’

मात्र साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण पुढे ढकलू नका. साखर एकदम उतरून चक्कर येते, घाम फुटतो, शुद्धही हरपू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे करूच नये. हृदयाचा त्रास असेल किंवा गुडघे दुखत असतील तर जोरात चालण्याआधी तपासून घ्या.

आणि काटा रोज बघू नका. टेप घ्या, कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. दर महिन्याला एकदा मोजून कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारीच!