सामू बरोबर, तरी तळे कमकुवत

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २०१६ मध्ये आलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने तो अडवायला हातभार लावला. अशा तळ्यात रोहू, कटला, मृगळची बोटुकली सोडणारे बहुतेक जण पाणी तपासतात ते फक्त सामूसाठी (pH). सकाळी पट्टी बुडवली, रंग सातच्या घरात आला, की पाणी चांगले! ही तपासणी अर्धवट आहे. सामू त्या क्षणापुरता असतो. दिवसभरात तो किती हलणार हे ठरवते अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटची शिल्लक, आणि पावसाच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच. मातीच्या तळ्यात तळातून थोडीफार मिळते. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात मात्र पाणी मातीला लागतच नाही. अशा पाण्यात सूक्ष्म शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि दुपारी सामू नऊच्या वर जाऊ शकतो. त्या वेळी पाण्यातला अमोनिया माशांना जास्त बाधतो. रात्री सगळ्यांच्या श्वासोच्छ्वासाने सामू परत उतरतो, त्यामुळे सकाळच्या पट्टीला यातले काहीच कळत नाही.

अल्कलिनिटी मोजणे अवघड नाही. ५० मिलिलिटर पाण्यात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले की ते पिवळे होते. मग ०.०२ नॉर्मल गंधकाम्ल थेंबाथेंबाने सोडत, हलवत राहायचे. पिवळ्याचा नारिंगी झाला की थांबायचे. लागलेल्या प्रत्येक मिलिलिटरमागे लिटरला २० मिलिग्रॅम अल्कलिनिटी धरायची. कार्पसाठी ५० ते १५० चांगली, २० च्या खाली असेल तर चुना हवाच. (घरी प्रवाळ पाळणारे हौशी लोक हीच चाचणी आठवड्यातून दोन-तीनदाही करतात, कारण प्रवाळ सांगाडा बांधताना ही शिल्लक खात असते. आपल्या माशांची तेवढी घाई नाही.)

‘चुना आम्ही दरवर्षी टाकतोच,’ असे कोणी म्हणेल. पण कोणता आणि किती? कळीचा चुना रिकामे तळे निर्जंतुक करायला ठीक, मासे असताना टाकला तर सामू एकदम उसळतो आणि मासे दगावतात. चुनखडीची भुकटी सावकाश विरघळते आणि सामू साधारण ८.३ च्या पुढे नेत नाही. दुसरा आक्षेप असा की रोहू-कटला चिवट आहेत, न मोजताही जगतात. जगतात हे खरे, पण नीट वाढत नाहीत. अल्कलिनिटी कमी असलेल्या पाण्यात शेण-खत टाकूनही प्लवंग नीट धरत नाही, म्हणजे माशांचे फुकटचे खाद्यच तयार होत नाही.

बीज सोडण्याआधी एकदा मोजले की झाले, असेही नाही. मार्चनंतर पाणी आटते आणि ज्याच्याकडे बोअर आहे तो भर घालतो. बेसॉल्टमधल्या त्या पाण्यात बायकार्बोनेट बरेच असते, त्यामुळे तेव्हाचा आकडा पावसाळ्यानंतरच्या आकड्याच्या कितीतरी वर असू शकतो. उन्हाळ्यातला चुना तो आकडा पाहूनच टाकावा.